बिनपगारी तपासनीस

यवतमाळात घर बांधायला नगरपरिषदेची परवानगी लागते. ते तपासायला कुणाचीच लागत नाही. प्लॉटसमोर रेतीचा पहिला ट्रॅक्टर रिकामा होतो न होतो, तोच रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ स्कूटर स्टँडवर लावतात, ढिगाशी येतात, मूठभर ओली रेती उचलतात, दाबतात, मूठ उघडून तळहाताकडे बघतात आणि कुणी काही विचारलेलं नसताना निकाल देऊन टाकतात, "माती हाये." मग हात झटकून निघून जातात. त्यांचं नाव, गाव, हुद्दा यातलं काही आपल्याला कळत नाही. झोप मात्र त्या रात्रीपासून जाते.

मुठीची परीक्षा तशी खोटी नाही. गाळ असला की तळहाताला लागतोच. पण शास्त्राला तेवढ्यावर भागत नाही. काचेच्या बाटलीत रेती घ्या, मिठाचं पाणी घाला, खळखळून हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर आठ टक्क्यांच्या पुढे गेला तर रेती परत पाठवा, असं शास्त्र सांगतं. यात अडचण अशी की तीन तास गप्प बसावं लागतं. तेवढा वेळ गप्प बसू शकणारा माणूस दुसऱ्याचं बांधकाम बघायला कशाला येईल?

शिवाय आपल्याकडे रेतीचे पंथ आहेत. जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेनं वर्धा वाहते, दक्षिणेच्या कडेनं पैनगंगा. वणी-मारेगावकडचा पाहुणा आला की तो वर्धेची थोरवी सांगतो आणि उमरखेडचा आला की तो पैनगंगेशिवाय दुसऱ्या रेतीला रेतीच म्हणत नाही. आपण वर्धेची टाकली असेल तर येणारा हमखास पैनगंगेचा निघतो. ज्या वर्षी घाटांचे लिलाव रखडतात त्या वर्षी मात्र हा वाद आपोआप मिटतो. त्या वर्षी रेती रात्री येते आणि तिची नदी कुणी विचारत नाही.

हे सगळं मी जवळून पाहिलं ते माझ्या साडूंच्या घराच्या निमित्तानं. साडू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईच्या रेघा ओढल्या. निवृत्तीचे पैसे हातात आले तसं त्यांनी दारव्हा रोडच्या एका लेआउटमध्ये बांधकाम काढलं आणि अख्ख्या गावानं त्यांची वही तपासायला घेतली.

पहिले आले ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब. पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर... आपल्या जिल्ह्यात धरणांना तोटा नाही, त्यामुळे निवृत्त साहेबांनाही नाही. साहेबांनी पायाचा खड्डा पाहिला, हातातल्या काठीनं कडेची माती उकरली आणि पाण्याचा दाब किती धरला आहे ते विचारलं. हे घर आहे, यात पाणी साठवायचं नाही, असं साडूंनी नम्रपणे सांगितल्यावर त्यांचा रस जरा उतरला. तरी जाताना बजावून गेले, "पिचिंग करून घ्या." घराला पिचिंग कुठं करायचं हे साडूंना अजून समजलेलं नाही. पण साहेब सांगून गेलेत म्हटल्यावर त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

मग वास्तुवाले आले. सळई नुकतीच उतरली होती. तिच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी फोनमधलं होकायंत्र उघडलं. एवढ्या लोखंडाशेजारी सुई काय शुद्धीवर राहणार? उत्तर दिशा दारव्ह्याकडे निघाली. त्या हिशेबानं संडास देवघराच्या जागी आला, देवघर जिन्याखाली गेलं आणि स्वयंपाकघराला घरात जागाच उरली नाही. दहा पावलं बाजूला सरकून पाहा, असं मिस्त्रीनं सुचवलं. सरकल्यावर उत्तर दिशा पुन्हा उत्तरेला आली आणि नकाशा जसाच्या तसा शास्त्रशुद्ध ठरला. दक्षिणा मात्र दोन्ही दिशांची द्यावी लागली.

या सगळ्यांत मला कुणाची तपासणी पटली असेल तर ती साडूंच्या आत्याची. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, येणं घाटंजीहून एसटीनं. आत्यानं ना रेती पाहिली ना सळई. ती थेट स्वयंपाकघरात गेली, ओट्याच्या अर्धवट विटांसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि हवेतल्या हवेत पोळ्या लाटू लागली. चार पोळ्या लाटून झाल्यावर म्हणाली, "खांदे दुखले माहे. दोन इटा काढ." मिस्त्रीनं साडूंकडे पाहिलं, साडूंनी साळीकडे पाहिलं, साळी उंचीला आत्याएवढीच. विटा निघाल्या. घराचा ज्या कामासाठी उपयोग करायचा ते काम करून बघणं, ही कल्पना बाकी एकाही तपासनिसाला सुचलेली मला दिसली नाही.

पण खरा स्वतंत्र तपासनीस म्हणजे शेजारी. त्याला आपल्याकडून फी नको, चहा नको, आणि आपलं भलं व्हावं अशी त्याची इच्छाही नसते. निःपक्षपाताला याहून अधिक काय लागतं? साडूंचे शेजारी रोज सकाळी दात घासत कुंपणाशी येत आणि ब्रशच्या दांडीनं हवेत मापं घेत. छज्जा आपल्या बाजूला किती येतो आणि जोतं आपल्या जोत्यापेक्षा किती वर जातं, हे दोनच विषय. दुसरा जास्त नाजूक. आपल्याकडे रस्ता उखडून नवा करत नाहीत, जुन्यावर नवा चढवतात. डांबरावर डांबर, त्यावर सिमेंट. दर निवडणुकीला रस्ता वर येतो आणि जुनं घर आहे तिथंच राहून खाली जातं. म्हणून नवं घर बांधणारा माणूस पुढच्या दोन-तीन निवडणुकांचा अंदाज घेऊन जोतं उचलतो, आणि त्या उंचीवरून पहिल्या पावसाचं पाणी सरळ शेजाऱ्याच्या अंगणात जातं. साडूंचं जोतं सहा इंच वर गेलं त्या दिवशी शेजाऱ्यांनी दात घासायला परसात जागा शोधली.

सरकारी तपासणीही असते. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं, जोतं मंजूर नकाशाप्रमाणे आहे हे पाहून घ्यायचं, आणि घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र मागायचं, असा तिचा साधारण शिरस्ता. पण ही तपासणी मुख्यतः घर कुठं उभं आहे याची. चारी बाजूंनी किती जागा सोडली, नकाशात नसलेली खोली कुठून उगवली, हे ती बघते. ते किती वर्षं उभं राहील, ही गोष्ट सही करणाऱ्या इंजिनीअरच्या आणि प्रत्यक्ष माल ओतणाऱ्या मिस्त्रीच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेली असते. 2016 च्या रेरा कायद्यानं बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला चांगला आधार दिला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून एकच घर बांधून घेणाऱ्या मास्तराला मात्र हे कलम लागू नाही. त्याला ठेकेदाराचं कलम लागू: "मास्तर, शंभर वर्षं काही होत नाही." कायदा बिचारा पाचावर थांबला.

आणि शंभर वर्षांचा हा वायदा होतो कशावर, तर काळ्या जमिनीवर. आपल्या काळीचं पऱ्हाटीशी जमतं, भिंतीशी जमत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडून घेते. तिच्या पाठीवर जे असेल तेही तिच्याबरोबर वर-खाली होतं. घराचा बोजा कमी तितकी तिची मस्ती जास्त, म्हणून साध्या एकमजली घराला ती अधिक छळते. यावर उपाय जुनेच आहेत. मुरूम लागेपर्यंत खोदा, पायातली काळी काढून मुरमाची भराई करा, कॉलम एकमेकांना जोत्याच्या बीमनं बांधा. काळी फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले, तळाशी फुगीर गड्डा असलेले पाइल टाका, म्हणजे वरच्या मातीनं कितीही उचल खाल्ली तरी घराची पकड खाली राहते. हे सगळे उपाय जमिनीखालचे, म्हणजे एकदा भराई झाली की कुणाला न दिसणारे. आपले तपासनीस येतात भिंती उभ्या राहिल्यावर, आणि बोलतात टाइल्सच्या रंगावर.

साडूंचा थोरला अमेरिकेत डॅलसजवळ असतो. त्यानं तिथं घर घेतलं तेव्हा आम्हाला कळलं की टेक्सासच्या त्या पट्ट्यातही काळी जमीनच आहे. एका काळी तिथंही कापूसच पिके. तीही तशीच फुगते, तशीच आकसते आणि तिथल्याही भिंतींना भेगा पाडते. पण तिथले लोक तिच्याशी वेगळ्या रीतीनं वागतात. उन्हाळ्यात घराच्या चहूबाजूंनी भोकं पाडलेली रबरी नळी अंथरतात आणि पायाभोवतीची माती ओली ठेवतात, म्हणजे ती आकसत नाही. साळीनं हे व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि ती कितीतरी वेळ बोललीच नाही. 2018 चा उन्हाळा तिनं पाहिलेला. यवतमाळला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह दोन्ही तळाला गेले होते आणि टँकरपुढच्या रांगेत भांड्यांवरून भांडणं होत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "इथं माणसाले पाणी नाही अन् तिथं घराले पाजून राहिले!"

पोरानं दुसरी गोष्ट सांगितली ती आणखी चमत्कारिक. घर बांधणारी कंपनी वेगळी आणि तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याला टेक्सासात सरकारी परवाना लागतो आणि त्याची फी घर घेणारा देतो. तो पायात काँक्रीट ओतण्याआधी येतो, भिंतींच्या आतल्या वायरी आणि नळ झाकले जाण्याआधी येतो, ताबा घेण्याआधी येतो, आणि बिल्डरची एक वर्षाची हमी संपायच्या तोंडावर अकराव्या महिन्यात पुन्हा येतो. प्रत्येक वेळी फोटोंसह अहवाल देतो. "प्रत्येक वेळी झाकायच्या आधी येतो ना?" साडूंनी विचारलं. शिक्षक असल्यामुळे मुद्दा त्यांना पटकन सापडतो. निकाल लागल्यावर अभ्यास घेऊन काय उपयोग, हे त्यांनी तीस वर्षं पालकांना सांगितलेलं.

पोरानं डॅलसहून स्वतःच तपासणी करून पाहिली. "बाबा, कॅमेरा खाली करा. अजून खाली. बाबा, ही तुमची चप्पल आहे." साडू सळई दाखवत होते, त्याला अंगठा दिसत होता. त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले. शेवटी त्यानं हात टेकले आणि सांगितलं, की स्लॅबच्या आधी बाहेरचा एक इंजिनीअर पैसे देऊन आणा.

पैसे देऊन! घरात दोन दिवस वाद झाला. चुका काढायला पैसे मोजायचे, ही कल्पना आपल्या पचनी पडत नाही. फुकट चुका काढणारे दारात रांगेनं उभे असताना तर नाहीच. साळी म्हणाली, "चुकाच काढाच्या तर म्या काय मेली हाव का?" ठेकेदाराला कळलं तेव्हा तो रागावला नाही, दुखावला, आणि ते जास्त वाईट. "मास्तर, माह्यावर भरोसा नाही का? अर्धं लेआउट म्या बांधलं. कोणाचं घर पडलं, सांगा." याला उत्तर नव्हतं, कारण लेआउटच मुळी चार वर्षांचं होतं.

इंजिनीअर आली ती तिशीच्या आतली पोरगी. खांद्याला झोळी, झोळीत टेप, टॉर्च आणि लहानशी हातोडी. साळीनं चहा विचारला तर "आधी बघून घेते" म्हणाली. घरावर सन्नाटा पसरला. आजवर ज्यांनी ज्यांनी घर तपासलं त्यांनी आधी चहा घेतला होता आणि बहुतेकांनी नंतरही. चहाला नाही म्हणणारा माणूस काय वाटेल ते लिहू शकतो.

ती सेंट्रिंगवर चढली आणि उकिडवी बसली. बाकीचे तपासनीस उभ्यानं, कमरेवर हात ठेवून पाहतात. ही खाली वाकून सळईच्या खालून टॉर्च मारत होती. सळई सेंट्रिंगच्या पत्र्यावर सरळ आडवी झोपलेली. स्लॅबच्या सळईखाली किमान वीस मिलिमीटर काँक्रीट हवं, नाहीतर चार पावसाळ्यांत खालून गंज धरतो, पोपडे पडतात आणि सळई डोकावू लागते. तिनं ठोकळे कुठं आहेत ते विचारलं.

"गिट्टी लावतो ना, मॅडम, खालून," मिस्त्री म्हणाला. "हरेक जागी असंच करतो."

"गिट्टी सरकते. सिमेंटचे ठोकळे लावा."

मग तिनं बीममधून गेलेला प्लंबरचा चार इंची पाइप दाखवला. तो जावा म्हणून बीमच्या दोन रिंगा कापल्या होत्या. कुणी कापल्या हे विचारताच इलेक्ट्रिशियननं प्लंबरकडे बोट दाखवलं, प्लंबरनं मिस्त्रीकडे, आणि मिस्त्रीनं आभाळाकडे पाहिलं. सेंट्रिंगच्या फटींतून खालचा रस्ता दिसत होता. म्हणजे उद्या सिमेंटचं पाणी तिकडूनच जाणार. ती सगळं लिहून घेत होती, कुणाला रागावत नव्हती, आणि त्यामुळेच सगळे तिला घाबरले.

पुढचा प्रश्न मालाच्या प्रमाणाचा.

"रेती-गिट्टी कशी मोजता?"

"घमेल्यानं."

"घमेलं किती भरता?"

मिस्त्रीला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. घमेलं किती भरायचं हे भरणाऱ्या रेजावर, तिच्या वयावर आणि दिवसाच्या वेळेवर अवलंबून असतं. सकाळी ते शिगोशीग असतं, जेवणानंतर सपाट आणि पाचच्या पुढे नावापुरतं. "अंदाज हाये ना मले," तो म्हणाला. "हात बसला हाये. अंदाजानंच तं सारं यवतमाळ बांधलं."

"अंदाज नको. फर्मा आणा."

फर्मा म्हणजे मापाची लोखंडी पेटी. सिमेंटची पन्नास किलोची गोणी साधारण पस्तीस लिटर भरते, तेवढ्याच मापाची. ठेकेदाराकडे फर्मा होता. तो त्याच्या घरी बकरीला पाणी पाजायला ठेवलेला. तो आला. मग पाण्याची पाळी. प्रमाणावर मोजून केलेल्या नेहमीच्या काँक्रीटला, ज्याला एम-वीस म्हणतात, गोणीमागे जास्तीत जास्त तीस लिटर पाणी, असं 2000 सालच्या आपल्या भारतीय मानक संहितेत छापलेलं आहे. मिस्त्रीकडे पाण्याचं माप म्हणजे मिक्सरमध्ये सोडलेली नळी आणि ती धरणारं पोरगं, आणि त्या पोराचं लक्ष मोबाइलमध्ये. "माल पातळ नसन तं खाली घुसतच नाही, मॅडम." पातळ माल घुसतो झकास, पण पाणी नंतर उडून जातं आणि जाताना काँक्रीटमध्ये आपली रिकामी जागा सोडून जातं. तिनं बादली मोजून दिली आणि मालातल्या पोकळ्या काढायला व्हायब्रेटर सांगितला. व्हायब्रेटर भाड्यानं आला.

स्लॅबचा दिवस हा आपल्याकडे घरच्या कार्याइतकाच मोठा. नारळ, पेढे, मजुरांना जेवण. नातेवाईक नवे कपडे घालून येतात आणि सगळे शिडीनं वर चढतात, कारण फोटो वर चांगला येतो. यात एक गंमत आहे, ती इंजिनीअरिंगच्या पुस्तकात असते आणि आपल्याला ठाऊक नसते. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. बाल्कनी पुढून लोंबते म्हणजे तिला ताण वरून बसतो. ती सळई पायाखाली दाबली जाऊन तळाला गेली, की बाल्कनी दिसायला तशीच दिसते, पण मग ती उभी असते ती पुण्याईवर. आणि फोटोसाठी सर्वात चांगली जागा कुठली? बाल्कनी. म्हणजे घर तपासायला आलेली मंडळीच चपला घालून, सहकुटुंब, तिची मुख्य सळई तुडवत उभी राहतात आणि वर मिस्त्रीला विचारतात, "मजबूत हाये ना बा?"

पोरीनं जिन्यापाशी आडवी फळी लावली आणि मजुरांशिवाय कुणाला वर सोडलं नाही. पाटबंधाऱ्यातले साहेब खाली, वास्तुवाले खाली, मामा नव्या सफारीत खाली. साहेबांनी आपण अरुणावतीवर काय काय पाहिलं ते सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही खालून लक्ष ठेवा, कुठं गळतंय का." साहेबांना काम मिळालं. ते दिवसभर खुर्ची टाकून सेंट्रिंगखाली बघत बसले आणि दोन ठिकाणची गळती त्यांनी खरोखरच दाखवली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला योग्य जागी बसवायला कुणी नव्हतं.

जाताना तिनं काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घेतले. पंधरा सेंटीमीटरचे घन. तीन सात दिवसांनी फोडायचे, तीन अठ्ठावीस दिवसांनी. पहिले तीन प्रयोगशाळेत गेले, पास झाले, साडूंनी तो कागद देवापुढं ठेवला. उरलेल्या तिनांपैकी दोन गेले. एक साळीनं दिला नाही. मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं आणि इतकं वजनदार, इतकं चौकोनी दुसरं घरात काही नव्हतं.

तराईचं सांगायला नको. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं, कॉलमना ओली पोती गुंडाळली आणि एप्रिलच्या उन्हात साडू दिवसातून कितीदा नळी घेऊन चढले, ते त्यांच्या गुडघ्यांना माहीत. मिस्त्रीला टेकू चार दिवसांत काढायचे होते, कारण ते पुढच्या साइटवर हवे होते. ती फोनवर म्हणाली, "साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला निदान सात दिवस, त्यापुढं चौदा." हॉल मोठा होता. मिस्त्री चौदा दिवस रोज येऊन टेकूंकडे बघत बसायचा.

या सगळ्यात मला एक गोष्ट राहून राहून गमतीची वाटते. झरी जामणी किंवा मारेगावच्या आडगावात प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल बांधलं जातं. किमान क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटर, म्हणजे दोनशे सत्तर फुटांच्या आत. योजनेचे पैसे मैदानी भागात 1 लाख 20 हजार, ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यानं, आणि टप्पा झाल्याचा पुरावा म्हणजे जागेवर जाऊन काढलेला फोटो. त्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. पाया झाला, फोटो. जोतं झालं, फोटो. भिंत दारं-खिडक्यांच्या वर गेली, फोटो. छत पडलं, फोटो. लाभार्थी घरापुढं ताठ उभा. पंचायत समितीकडून ग्रामीण गृहनिर्माण अभियंता येतो, रेंज मिळेना म्हणून टेकडीवर चढून फोटो पाठवतो. फोटोतून सळईखालचे वीस मिलिमीटर दिसत नाहीत हे खरं. तरी झाकण्याआधी कुणीतरी परका माणूस येऊन पाहतो, एवढं तरी त्या घराच्या नशिबी असतं. आणि दारव्हा रोडवरच्या चाळीस-पन्नास लाखांच्या बंगल्याचा पाया भरला जातो तेव्हा साक्षीला असतात मिस्त्री, दोन बिगारी आणि एक कुत्रं. बंगलेवाल्याला हे सांगून पाहा. तो म्हणतो, आपला ठेकेदार घरचाच आहे.

ऑक्टोबरात घर झालं. पहिला पावसाळा काळीनं तपासून घेतला होता आणि कुठं भेग नव्हती. खरी तपासणी उन्हाळ्यात, हे साडूंना ठाऊक आहे. ते आतापासून मेची वाट बघतात. वास्तुशांतीला माणसं जेवायला आली आणि शेवटची सार्वजनिक पाहणी सुरू झाली. टाइल्स बोटाच्या पेरानं वाजवून झाल्या, पोकळ आवाज आला की "इथं माल कमी आहे" असं प्रत्येकानं आपापल्या बायकोला सांगितलं. नळ सोडले, बंद केले. संडासाची साखळी तर मुलांनी दुपारपर्यंत ओढून टाकीच संपवली. आहेरात भिंतीवरची घड्याळं आली, नेहमीसारखी भरपूर. मामांनी त्यातलं आपलं घड्याळ लावायला हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. प्लास्टर कच्चं असलं की खिळा लोण्यात शिरतो आणि मागोमाग घड्याळ खाली येतं. इथं खिळा वाकला. दुसराही वाकला. मामा घाम पुसत म्हणाले, "काहून एवढं कडक केलं बा? घड्याळ लावाचं का नाही माणसानं?"

ठेकेदारही जेवायला आला होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, सोबत बायको-पोरं. वर्षभर ज्यानं त्यानं त्याचं काम तपासलेलं. आज पहिल्यांदाच त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाचं काम होतं. मागच्या अंगणात रोडगे आणि वांग्याची भाजी चालू होती, तिथं तो हात मागं बांधून गेला. कढईत डोकावला. चमच्यानं रस्सा उचलून पुन्हा कढईत सोडला, धार कशी पडते ते पाहिलं. रोडगा हातात घेऊन वाजवला. मग आचाऱ्याकडे वळला.

"पातळ वाटून राहिली भाजी. पाणी किती घातलं?"

"घातलं आपलं बेतानं," आचारी म्हणाला.

"अन् मसाला? कशानं मोजला?"

"मोजाचं काय त्यात? अंदाज हाये ना मले."

ठेकेदारानं सावकाश मान हलवली. "अंदाजानं कुठं काम होते का, लेका? फर्मा पायजे."

आचाऱ्यानं झारा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाला, "भाऊ, पंगत बसली हाये. तुमी वाढता का?"